बयनाबाईच्या भिंतीवरची काच

रामाजी फोटोवाल्याले लोक येडा म्हन्तात. म्हनू द्या. मीबी म्हनलो होतो, अन् सगळ्यायच्या आधी म्हनलो होतो.

गुडीहत्नूरच्या बसस्टँडामागं माझं शिलाईचं दुकान, अन् बाजूले त्याचा स्टुडिओ. वीस वर्षांचा शेजार. मोबाइल आले तशी त्याची लग्नं गेली, बारसे गेले. राह्यले पासपोर्ट फोटो अन् जोडफोटो. जोडफोटो म्हन्जे, नवरा कवाचा मेला, बायको म्हातारी झाली, त्या दोघायले एका फ्रेमीत बसवायचं. बाया जित्तेपनीच येऊन सांगतात, "मी गेल्यावर दोघायले एकच हार घालजा." रामाजी असं जोडून दे का वाटे, दोघं खरंच संगं बसले होते.

तशीच बयनाबाई आली. विहाराजवळ एकटी राह्यते, दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. नवरा जाऊन चाळीस वर्सं झाली. त्याचा एकच फोटो, दारासमोरच्या भिंतीवर. तो ती खाली उतरवू देत नाही. एकदा चुना माराले उतरवला, अन् त्याच आठवड्यात तिचा पोरगा हायवेवर अपघातात गेला. तवापासून खिळ्याले हात लावला तं हात तोडीन म्हन्ते.

"तोंड दिसत नाही रे त्याचं," ती रामाजीले म्हने. "काच चमकते. अन् खरं सांगू बाप्पा? मले आता आठवतबी नाही तो कसा दिसे. नाक कसं होतं तेबी नाही."

खरंच चमके काच. दारातून उजेड पडे तो नेमका तोंडावर. दार लावलं तं अंधार, अन् फ्लॅश मारला तं फ्लॅशच दिसे. रामाजीनं आधी आठशेचा फिल्टर आनला. भिंगापुढं चढवायची फिरती काच असते ते, फिरवली का चमक मरते. पन ती जराकशीच मरे, अन् फोटो पिवळा ये. मंग म्हने, महागाचाच पाहिजे. साडेनऊ हजार! मी उखडलोच.

"काऊन रे, डोक्शावर पडला का? चाराण्याची कोंबडी अन् बाराण्याचा मसाला! काय घेशील त्या म्हातारीपासून?"

"काई नाही," म्हने. "उद्धवभाऊ, एक डाव पाहू दे ना तिले."

पार्सल आलं त्या दिवशी स्टूल धराले मीच गेलो. बयनाबाई धुतलेलं लुगडं नेसून, केसायले तेल लावून बाजेवर बसली होती. नवरा गावाहून येऊन राह्यला जसा. समोरून ही चमक मरत नाही, जरा तिरपं उभं राहा लागते. रामाजी कडेनं स्टुलावर चढला अन् फिल्टर हळूहळू फिरवाले लागला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून राह्यलो होतो. काय सांगू! चमक अशी गेली का मधात काच नाहीच. सदऱ्याच्या गुंड्या दिसल्या. खिशातला कंगवा दिसला. कॉलर दिसली.

कॉलरीच्या वर काईच नव्हतं. ओल लागून फोटो काचेले चिकटला होता, अन् तोंडाच्या जागी नुसती पांढरी बुरशी. कवाची, कोन जाने. त्या घरात बारीक नजरेनं पाहनारं होतंच कोन?

रामाजीनं फिल्टर अजून एक फेरा फिरवला. अजून एक.

"दिसला का रे?" बयनाबाईनं बाजेवरून इचारलं.

रामाजी खाली उतरला. मले वाटलं, आता हा रडते.

"नाही व माय," तो म्हनला. "फसवलं मले लेकाच्यायनं. बेकार हाय हा फिल्टर. चमक जशीच्या तशी."

"येवढा महागाचा असून?" उलटं तिलेच वाईट वाटलं. "जाऊ दे बाप्पा. कष्टाचा पैसा गेला तुया."

तिनंच मंग बाजारात सगळ्यायले सांगतलं, बिचाऱ्याले फसवलं म्हनून. तवापासून जो तो छेडते, "काय रामाजी, काच इकतं का?" तो हासते. आदिलाबादहून एखादा हौशी फोटोवाला येते अन् मले इचारते, तो महागाचा फिल्टर घ्यावा का? मी म्हन्तो, बेकार हाय, घेऊ नका. माही जीभ जळते. तसली अस्सल चीज मी जन्मात पाह्यली नाही.

दर बाजाराच्या दिवशी बयनाबाई काठी टेकत येते. स्टुडिओच्या पायरीवर बसून चहा पेते.

"त्याच्यापरस महागाचा निंघाला का रे?"

"निंघनार हाय म्हन्तात, माय."

"मांगव मंग," ती म्हन्ते. "तोवर मी काई मरत नाही."