न वाचलेल्या पुस्तकातला प्रसंग

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत इसम भुताखेतांवर कधीही विश्वास ठेवत नव्हता, आजही ठेवत नाही, आणि खालील मजकूर तो पूर्ण शुद्धीवर, सकाळचा चहा घेऊन लिहीत आहे. उभं राहण्याची गरज नाही. बसूनच वाचा.

तर... नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरी अलकापुरीत, घर मांजलपूरच्या नव्या सोसायटीत, आणि हौस म्हणून मी बडोद्याच्या एका छोट्या मराठी मासिकात परीक्षणं लिहायचो. प्रांत ठरलेला — राक्षस, पऱ्या, उडते घोडे. म्हणजे अद्भुत कादंबऱ्या, आणि व्हिडिओ लायब्ररीतून आणलेले कार्टूनचे लांबलचक सिनेमे. या विषयातला मी स्वतःला अधिकारी माणूस समजायचो... हसू नका.

एकदा परीक्षणासाठी चारशे पानांची कादंबरी आली. लेखक वसंतराव, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधले फिटर. पहिलंच पुस्तक. मी पहिली अकरा पानं वाचली, शेवटची दोन वाचली, आणि ड्रॅगनची नवी कॅसेट लावली.

आम्हा परीक्षकांची एक युक्ती असते. पुस्तकातला एखादा किरकोळ प्रसंग उचलायचा आणि त्याला नावं ठेवायची. लोकांना वाटतं, वा, काय बारकाईनं वाचलंय! माझ्याकडे प्रसंगच नव्हता. मग मी रचला. चारशे पानांत तो आहे की नाही, कोण शोधत बसणार?

लिहिलं ते असं — शेजारच्या राज्यातली राजकन्या झोपाळ्यावर बसून भेंडी चिरतेय. एकाच पायात चप्पल घातलेला राक्षस येतो. ती तिच्या भाषेत विचारते, "नवरो छे?" (बडोद्याबाहेरच्यांसाठी: गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा, मोकळा.) राक्षस पडला मराठी! त्याला ऐकू येतं 'नवरा'. तो लाजून म्हणतो, "होईन की!" खाली माझा शेरा: 'विनोद पाणचट. इतकी बावळट नायिका मराठीत झाली नसेल.'

या ओळी लिहिताना पेन एकदाही अडला नाही, एवढं आठवतं.

अंक निघाला, आणि पुढच्या रविवारी सकाळी वसंतराव दारात. मला वाटलं, भांडायला आले.

"साहेब, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? पुस्तकातच तर..."

"पुस्तकात नाही ते. मी काढून टाकलं होतं."

राक्षस म्हणजे ते स्वतः. राजकन्या म्हणजे त्यांची बायको, हंसाबेन. लग्नाआधी त्या समोरच राहायच्या. गव्हाचं पोतं आत न्यायला कुणीतरी हवं होतं म्हणून त्यांनी विचारलं, "नवरो छे?" आणि वसंतराव "होईन की!" म्हणून बसले. झोपाळा होता. भेंडी होती. आणि वसंतरावांची एक चप्पल त्या दिवशी कुत्र्यानं पळवली होती. हस्तलिखितात हे सगळं होतं. पण तेवढा भाग वाचून दाखवल्यावर हंसाबेन म्हणाल्या, आपल्या दोघांतलं छापायचं नाही. म्हणून त्यांनी ती पानं बंबात घातली.

"आता ती मला म्हणते, जाळलेलं त्या माणसाला कळलं कसं? तुम्हीच सांगितलंत! एवढं म्हणाली आणि गप्प झाली ती झालीच. आठ दिवस झाले, साहेब. ताट वाढते, पण पाठ करून. वर 'बावळट'ही छापून आलंय... तुम्ही चला, आणि तिला सांगा, मी तुम्हाला याआधी भेटलोसुद्धा नाही."

आतून आमची सौ. म्हणाली, "जा की! तसंही ते पुस्तक तुम्ही..."

"सुनंदा!" मी जवळजवळ किंचाळलो.

स्कूटरवर मागे बसून वसंतरावांनी हळूच विचारलं, "बाकी पुस्तक कसं वाटलं, साहेब?"

समोर कुणी नव्हतं. तरी मी हॉर्न वाजवला.

क्वार्टरमध्ये हंसाबेन तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"बेन, यांनी मला काही सांगितलेलं नाही."

"तो पछी... मग कोणी सांगितलं, भाई? वाऱ्यानं?"

स्वप्नात दिसलं म्हणून सांगावं, असा मोह झाला. ओठांवर आलंही होतं! पण वसंतराव माझ्याकडे असे बघत होते, की जणू मीच त्यांचा वकील.

"कुणीच नाही," मी म्हणालो. "मी पुस्तक वाचलंच नाही. तो प्रसंग मी मनानं रचला."

वसंतराव खुर्चीवर बसले. चष्मा काढला.

"चप्पलसुद्धा?"

"चप्पलसुद्धा."

"आणि भेंडी?"

"...भेंडीसुद्धा."

नवरो आणि नवरा हा घोटाळा बडोद्यात घरोघर होतो, तो योगायोग धरू. पण एका पायातली चप्पल? भेंडी? बंबात जळालेली पानं माझ्या पेनात कुठून आली? नंतर मी ती कादंबरी तीनदा वाचली. चांगली आहे हो... फार चांगली आहे. आणि तो प्रसंग तिच्यात कुठेही नाही. उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. भीती म्हणाल तर तेव्हाही वाटली नाही. वाटली ती लाज. कारण वसंतरावांनी चप्पल, भेंडी सगळं विचारलं, पण 'का नाही वाचलंत?' हे एवढं विचारलं नाही. नुसता चष्मा पुसत राहिले.

तेवढ्यात हंसाबेननी सूप खाली ठेवलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्या नवऱ्याकडे वळल्या, आणि चेहरा उजळून बोलून गेल्या—

"हाश! म्हणजे तुमचं पुस्तक न वाचलेली मी एकलीच नाही!"