वळणावरच्या सात मोळ्या

फांद्या पाहिल्या आणि माझं टाळकंच सटकलं. कडावच्या पुढं डोंगराला लागणारी ती पायवाट आम्ही दर रविवारी घाम गाळून मोकळी ठेवलेली. आणि तिच्या वळणावर कुणीतरी ऐनाच्या फांद्यांच्या सात मोळ्या रचून ठेवलेल्या. अर्धी वाट अडलेली. वर पाहिलं तर ओळीनं ऐनाची झाडं, फांद्या छाटून नुसती सोटासारखी उभी. म्हणजे झाडंही ओरबाडा आणि वाटही अडवा!

आम्ही म्हणजे पंधरा-वीस जण. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या जुन्या पायवाटा टिकाव्यात, कुणालाही तिकीट न काढता डोंगरात चालता यावं, एवढंच आमचं म्हणणं. घाणेरीची झुडपं तोडायची, निसटलेले दगड परत बसवायचे, चुकणाऱ्यांसाठी बाण रंगवायचे. पगार नाही, पद नाही. माझ्याकडे पत्रकांचं काम. कॉलेजपासून मी तेच करत आलेय. वाक्य जितकं आखूड तितका घाव खोल, हे मला शिकवलेलं. आमच्या टी-शर्टच्या पाठीवर 'वाटेचे राखणदार' छापलंय, तेही माझंच.

मी फोटो काढला. 'हेच ते जंगलाचे शत्रू' असं वर लिहून ग्रुपवर टाकला. मग माझ्यासोबत दहिवलीचा एक मित्र होता, त्याला म्हटलं, उचल. दोघांनी एकेक करत सातही मोळ्या वाटेवरून खालच्या घळीत ढकलल्या. वाळलेल्या फांद्या कडाकडा मोडत गेल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं.

वाट जिथं गावात उतरते तिथलं पहिलं घर एका मावशींचं. पाणी आम्ही त्यांच्याकडेच पितो, माझ्या पत्रकांचा गठ्ठाही त्यांच्याच पडवीत ठेवतो. त्या दिवशीही त्यांनी न मागता तांब्या पुढं केला.

"आज लई उशीर केला गं. वाट झाली का साफ?"

"झाली मावशी."

"बरं झालं. माजी कवळं दिसली का वर? वळणावर सात मोळ्या हायत. उद्या आनीन म्हनते. राब अर्धाच झालाय."

तांब्या माझ्या तोंडाला होता. तो खाली आणायचं मला सुचेना.

अंगणापलीकडं भाताचं रोप टाकायची जागा दिसत होती. अर्ध्या जागेवर शेण, त्यावर फांद्या, त्यावर वाळका पाला, सगळ्यात वर माती, असे थर नीट बसवलेले. उरलेली अर्धी उघडी. हे सगळं पेटवून जमीन भाजायची, तण मारायचं आणि पावसाच्या तोंडाला त्याच राखेत भात पेरायचा. याला राब म्हणतात. मला हे माहीत होतं! शाळेत पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. आणि डोळ्यांसमोर सात मोळ्या असताना मला कचरा दिसला.

"मावशी, त्या आम्ही फेकल्या."

"कुठं?"

"घळीत. आम्हाला वाटलं कुणीतरी झाडं तोडतंय."

त्या हसल्या. थट्टाच वाटली त्यांना. "कुनीतरी कशाला, मीच तोडते की! माज्याच बांधावरचे ऐन. फांद्या छाटल्या, झाड जित्तं हाय. दोन-तीन वर्सांत पुन्ना भरतंय." मग त्यांनी माझ्या मित्राकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. त्यांचं हसू गेलं.

"आम्ही दुसऱ्या तोडून आणतो," मी घाईनं म्हटलं.

"ओल्या? शिमग्याच्या आदी छाटल्यात त्या, तवा आता वाळल्या. ओलं भाजत नाय गं बाय. रोप कशात टाकू मंग? तुज्या कागदात?"

मी मित्राकडं वळले. कुणावर तरी ओरडायला हवंच होतं. "तुला माहीत होतं?"

"आजोबांकडं व्हायचा राब. लहानपणी पाहिलाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढी ठामपणे बोलत होतीस. म्हटलं, ही पत्रकं लिहिते, हिला काहीतरी नियम माहीत असेल."

एवढ्या जोरात मला कुणी कधी मारलेलं नाही.

मोळ्या काढायला आम्ही परत वर निघालो. मावशी पुढं, साध्या चपलेत. चालता चालता त्यांनी पायानं एक सुटा दगड कडेला सारला. आडवी आलेली काटेरी फांदी कोयत्याच्या एका फटक्यात उडवली. थांबल्या नाहीत, मागं वळून पाहिलंही नाही. मी विचारलं, किती वर्षं येता या वाटेनं?

"लगीन झाल्यापास्नं. आदी सासू यायची, तिच्या आदी तिची. डोक्यावर मोळी असली का झुडूप आडवं येऊन चालत नाय. तोडावंच लागतं."

वळणापाशी त्या थांबल्या. तिथं वाट बरीच रुंद आहे. 'ट्रेकरना विसाव्याची जागा' असं मी नकाशावर लिहिलं होतं. ती जागा मोळी टेकवून दम खायला बायांनी रुंद केलेली. आणि मी शंभरदा छापलं होतं की ही वाट आम्ही जिवंत ठेवली. आम्ही! आठवड्यातून जेमतेम एक रविवार, त्यातही फोटो काढून.

घळीतून चार मोळ्या निघाल्या. तीन इतक्या खाली गेल्या होत्या की पाय ठेवायला जागा नव्हती. खिशात फोन थरथरत होता. 'लाज वाटली पाहिजे असल्यांना', 'यांना जंगलाची किंमतच नाही', 'नाव कळलं तर सांगा'. मी तिथंच ग्रुपवरचा फोटो पुसला, पण तोवर तो कुठं कुठं पुढं गेला होता कोण जाणे. ज्यांना हे शिव्या देत होते त्या माझ्या डोक्यावरची चुंबळ नीट करून देत होत्या. "मान ताठ ठेव गं, न्हाईतर पडशील," म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून आम्ही दोघं परत गेलो. मावशी थर घालत गेल्या, आम्ही शेण, पाला, माती देत गेलो. चार मोळ्या संपल्या आणि कडेची एक पट्टी उघडीच राहिली.

"दोन खाचरांचं रोप गेलं," त्या म्हणाल्या. "मागावं लागंल कुनाकडं. उरलं तर देतील."

उरलं तर. मला वाटत होतं, त्यांनी शिव्या घालाव्यात. शिव्यांना माझ्याकडं उत्तर असतं, निदान तोंड तरी उघडता येतं. त्यांनी काही घातल्या नाहीत.

वारा पडल्यावर राब पेटवायचं ठरलं. आग बांधापलीकडं जाऊ नये म्हणून चारी बाजूंना माणूस लागतो, हातात ओला डहाळा घेऊन. मित्राला त्यांनी गवताच्या बाजूला उभं केलं, स्वतः वाऱ्याच्या अंगाला गेल्या. मी डहाळा घेऊन विचारलं, मी कुठं?

"तू तिकडं जा, उगड्या पट्टीवर," त्या म्हणाल्या. "तितं जळायला काय नाय. तितंच उभी ऱ्हा."