देवापुढे बसवलेली गिटार

माझ्याकडे सात बेस गिटारी आहेत आणि मला त्यांतली एकही धड वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पाहुणे कपाट बघतात आणि लगेच म्हणतात, "काहीतरी वाजवा की." मग मी सांगतो, तारा ढिल्या आहेत, अ‍ॅम्प्लिफायर बिघडलाय, बोटाला कापलंय. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझी मुलगी माझ्या तोंडावर म्हणते, आणि तिला रागावण्याचा अधिकार मला नाही.

बेस म्हणजे चार जाड तारांची विजेची गिटार. नाचाच्या बँडमध्ये ती वाजवणारा मागे उभा असतो. लोक बघतात गाणाऱ्याकडे, टाळ्या देतात ट्रंपेटवाल्याला, आणि पाय टाकतात बेसवर. शाळेत असताना म्हापशाला एका फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मांडवाबाहेर मी उभा होतो, तेव्हा ती आधी छातीत वाजली, कानात मागाहून आली. पार्से गावच्या आमच्या घरात भजनाची पेटी होती, पखवाज होता, पण असलं काही नव्हतं. पुढे नोकरी लागल्यावर मी पहिली गिटार आणली तेव्हा तिच्या भोक नसलेल्या सपाट लाकडाकडे बघत आई म्हणाली, "ह्याका तोंड खंय?"

नोकरी डिचोलीत होती, खाणीचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात. मी स्टोअरकीपर. बेअरिंगं, पट्टे, नट-बोल्ट सांभाळायचे. माल आला की मला बरं वाटायचं आणि गेला की जीव तुटायचा. सहीशिवाय मी कुणाला साधा वायसर दिला नाही. तोच स्वभाव गिटारींनाही लागला. पावसाळ्यात कपाटात बारीक बल्ब पेटता ठेवायचो, म्हणजे दमट हवेने लाकडाची मान वाकत नाही. आमच्या गाद्यांना बुरशी यायची, गिटारी मात्र ठणठणीत असायच्या.

पाचवी गिटार वास्कोच्या एका म्हाताऱ्या वाजवणाऱ्याकडून घेतली. सगळे त्यांना मेस्त म्हणत, म्हणजे संगीताचे मास्तर. बंदरावर नोकरी करून त्यांनी तीस वर्षं लग्नांत आणि फेस्तांत बेस वाजवली होती. आता डाव्या हाताची बोटं आखडली होती, घरात दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं. गिटार सुंदर होती. कडेला काळपट, मधे मधासारखी, आणि जिथे त्यांचा अंगठा टेकायचा तिथला रंग उडून लाकूड गुळगुळीत झालेलं. पेटी बंद करताना ते म्हणाले, "एकूच सांगतां, बाब. म्हज्या नातीचें काजार जातलें, त्या दिसा म्हाका ही दी. नाचाक एक वाल्स वाजयतलों, मागीर तुजी तुका." मी म्हणालो, "मेस्त, तुमचीच आहे ती. नातीचं लग्न ठरलं की कधीही या." हे मी मनापासून बोललो होतो. वस्तू हातात यायची असते तेव्हा माणूस फार मनापासून बोलतो.

ते आले तीन वर्षांनी, खंडेनवमीच्या दिवशी. चोपड्याचा पूल तेव्हा नव्हता. वास्कोहून पणजी, पणजीहून म्हापसा, मग शिवोली, फेरीने नदी ओलांडून चोपडे, आणि तिथून पार्सेपर्यंत मिळेल ते वाहन. सकाळी निघालेला माणूस दुपारी बाराला आमच्या अंगणालगतच्या सोप्यावर घाम पुसत बसला. हातात दोदोलाचा, म्हणजे नारळ-गुळाच्या मिठाईचा, डबा होता. "फाल्यां काजार," ते म्हणाले. "गितार व्हरूंक आयलां."

लग्न उद्यावर आलेलं, आणि मला ती द्यायची नव्हती. कारण विचाराल तर शंभर होती. मी नुकतीच तिची मान सरळ करून घेतली होती, तारा साफ केल्या होत्या. बसच्या टपावर पेटी टाकतील, मांडवात कुणी फेणी सांडेल, घामाचे हात लागतील. हात कुणाचे, तर ज्यांच्या अंगठ्याने तिचं लाकूड झिजलं होतं त्यांचे! हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. स्टोअरमध्ये खिडकीशी कुणी येऊन उभं राहिलं की माझ्या तोंडून आपोआप "नाही" निघायचं, तसंच निघालं. फक्त या वेळी त्या नाहीला मी देवाचा आधार दिला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं, अवजारं देवापुढे मांडतात. कोयता, विळी, माझा पान्यांचा डबा, मुलीची पुस्तकं. गॅरेजात ट्रकांना केळीचे खुंट आणि रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या माळा. एकदा मांडलं की दसऱ्याची संध्याकाळ होईतो उचलायचं नाही, वापरायचं नाही. हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक, मेस्तांनाही.

"मेस्त, वाद्यंपण पूजेला बसवलीत," मी म्हणालो. "उद्या सांजेपर्यंत हलवता येत नाहीत."

गिटारी कपाटात होत्या. देवापुढे त्या मी कधीच मांडल्या नव्हत्या.

मला वाटलं होतं ते नाराज होतील, वाद घालतील, मग मी थोडा चढा आवाज काढीन आणि प्रकरण मिटेल. त्यांनी उठून पायांतल्या चपला लांब सरकवल्या. "देवा मुखार बसयल्या?" ते म्हणाले. "मागीर ना. देवाचें उखलूंक फावना." देवाचं उचलायचं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं आणि मग विचारलं, "पयसावेल्यान एकदां पळयलें तर चलता?"

आता काय करता? लांबून एकदा बघायचं म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणणार? "जरा थांबा, आत सोवळं आहे," असं काहीतरी बडबडून मी आत गेलो. कपाट उघडलं, गिटार काढली, देवखोलीत नेऊन कोयत्याच्या बाजूला भिंतीला टेकवली. विळीवरची माळ ओढून तिच्या मानेत घातली. चार फुलं टाकली, कुंकवाचं बोट ओढलं. वळून बघतो तर बायको दारात, हातात नैवेद्याचं ताट.

"दिवक नको तर नको म्हणान सांगा," ती हळूच म्हणाली. "देवाक मधी कित्याक हाडतात?"

देवाला मधे आणू नका म्हणणाऱ्या तिला मी बाजूला हो म्हणालो. इतकंच. आजही तो "बाजूला हो" आठवला की मला स्वतःची किळस येते.

मेस्त उंबऱ्याच्या बाहेर थांबले. आत पाऊल टाकलं नाही. त्यांनी माळ घातलेली आपली गिटार पाहिली, समई पाहिली, आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला, मग आमच्यासारखे हातही जोडले. डोळे भरले होते. "बरें केलें, बाब," ते म्हणाले. "तीस वर्सां हांवें तिका सोऱ्या-फेणयेच्या वासांत वाजयली. असो मान म्हज्यान दिवंक जालो ना." चहा घेतला नाही, फेरी चुकेल म्हणाले. दोदोलाचा डबा ठेवून गेले. दोदोल माझ्या घशाखाली उतरेना असं लिहिलं तर छान दिसेल. पण मी ते चार दिवस खाल्लं, आणि ते चांगलं झालं होतं.

रात्री झोप लागली. दुसऱ्या दिवशी सोनंही वाटलं. लाज आली ती तिसऱ्या दिवशी, गॅरेजात, एका ड्रायव्हरला पट्टा नाकारताना. पट्टा फडताळात समोर दिसत होता आणि मी सवयीने "संपलाय" म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि निमूट गेला. मेस्तही असेच गेले होते.

पुढच्या रविवारी गिटार पेटीत घालून, वर चादर गुंडाळून मी वास्कोला गेलो. फेरीत, बसमध्ये पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. ठरवलं होतं की मेस्तांना सगळं खरं सांगायचं, पाया पडायचं, आणि ती त्यांच्याकडेच ठेवून यायचं. चणे आहेत तर दात नाहीत, असला मी; निदान ज्याला दात आहेत त्याच्याकडे चणे परत जावेत. वाटेत तीनदा बोलणं पाठ केलं.

मेस्त घरीच होते. मी पेटी टेबलावर ठेवून उघडली. तारांत एक झेंडूची पाकळी अडकली होती, ती मला दिसलीच नव्हती. त्यांना दिसली. ते उठून आत गेले. नळाचा आवाज बराच वेळ आला. हात धुऊन, केस विंचरून, शर्टाची बटणं लावून ते बाहेर आले, आणि तरी गिटारीला त्यांनी हात लावला नाही.

"मेस्त, वाजवा," मी म्हणालो. "तुमच्यासाठीच आणलीय."

"आतां ती म्हजी न्हय, बाब. तुजीय न्हय." ते हसले. "देवाची ती. तिचेर आतां वाल्स वाजोवप म्हळ्यार पाप."

मी आतल्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीकडे, म्हणजे नवरीच्या आईकडे बघितलं. वाटलं, ती तरी त्यांना समजावील. तिने सांगितलं ते असं. लग्नाच्या मांडवात बँडवाल्यांनी मेस्तांना आपली बेस पुढे केली होती. "बापायन तिका हात लायलो ना," ती म्हणाली. "सगल्यांक सांगतालो, म्हजी गितार आयज देवा मुखार बसल्या, आयज हांव दुसरी वाजयना. पाद्रीबाकय सांगलें. नातीचो पयलो नाच जातालो, आनी हो खुर्चेर बसून सगल्यांक तुमच्या घराची खबर सांगतालो."

बोलताना तिच्या आवाजात जराही तक्रार नव्हती. वडिलांचं कौतुकच होतं, आणि थोडं माझंही.

पाठ केलेलं बोलणं तोंडाशी आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं, की मेस्त, ती कपाटात होती. पण मेस्त माझ्याकडे इतक्या आदराने बघत होते, आणि तो आदर, लाज वाटते लिहायला, मला सोडवेना. आयुष्यात माझ्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं. मी पेटी बंद केली.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "फुडल्या वर्साय बसयतलो मूं तिका?"

"होय मेस्त," मी म्हणालो, "दरवर्षीच बसवतो."