आधी इंजिन चालू कर

भाऊजी गेल्याचा फोन ताईनेच केला. रडत नव्हती. "गेले वं तुहे भाऊजी," एवढंच म्हणाली. अकोल्याला पोचले तर घरभर एकच शब्द. बिचारा. "बिचारा, जन्मभर वाळवंटात दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत राह्यला, सोताचं काई झालं नाई." चहाचा कप खाली ठेवायच्या आत लोकांनी माणसाचा निकाल लावून टाकला. तेव्हा माझं टाळकं जे सटकलं ते महिना झाला तरी ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही सगळे बहारीनला होतो. माझे मिस्टर अकाउंटंट, आमचं घर रिफाला. भाऊजी हिद्दच्या एका वर्कशॉपमध्ये डिझेल फिटर, फोरमन झाल्यावर त्यांनी ताईला आणलं. माणूस गरीब स्वभावाचा वगैरे मुळीच नव्हता हं! मोठ्याने बोलायचे, कॅरममध्ये हरले की सोंगट्या उधळायचे, आणि चुकले तरी आवाज खाली यायचा नाही. बुद्धपौर्णिमेला आपली माणसं ईसा टाउनमध्ये हॉल घेऊन जमायची. मूर्ती ताईच्या घरची, पितळेची, अकोल्याहून येताना विमानात मांडीवर धरून आणलेली. एका वर्षी ओळखीच्या एका साहेबांनी मूर्ती न्यायला स्वतःची कार देऊ केली. दारात आले आणि म्हणाले, "सीट नवीन आहे हो, मूर्ती डिकीत ठेवा. आणि चादर गुंडाळा, उगाच कशाला दिसायला हवी?" भाऊजी एरवी आकाशपाताळ एक करायचे, त्या दिवशी मात्र त्यांनी नुसती मूर्ती उचलली आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन गेले. हॉलवर पोचल्यावर मला म्हणाले, "खलास. पुढच्या पौर्णिमेले भगवान माह्या गाडीत, पुढच्या सीटवर."

"पण भाऊजी, गाडी कुठाय तुमच्याकडे?"

"येईल ना वं."

आली ती गाडी नव्हती, संकट होतं. हिद्दच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने वापरून वापरून खिळखिळा केलेला भला मोठा अमेरिकन पिकअप. मासळीचा वास असा की ताईने नाकाला पदर लावला तो उन्हाळा संपेपर्यंत. खाऱ्या हवेने तळाचा पत्रा खाल्लेला, रेडिएटर गळका, स्टिअरिंग अर्धं फिरवल्यावर चाकाला पत्ता लागायचा. दर शुक्रवारी भाऊजी गाडीखाली आणि आम्ही त्यांच्या पायांशी गप्पा मारायच्या. पत्र्याला ठिगळ लागलं, बॉल जॉइंट बदलले, मागे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, बदलल्यावर चालताना होणारा ठणठणाटही थांबला. आणि पौर्णिमा तोंडावर आली तशी गिअरने मान टाकली. ऑटोमॅटिक गिअर, दांडा ओढला की इंजिन गुरगुरायचं आणि गाडी जागची हलायची नाही. "आमच्या थोरल्या दिरांसारखी आहे," मी म्हटलं, "आवाज मोठा, काम शून्य." सगळे हसले, भाऊजी नाही. वर्कशॉपमधल्या लोकांनी सांगून टाकलं, गिअरबॉक्स मफी, म्हणजे संपला, भंगारात घाल. साहेबांचाही निरोप आला, या वर्षीही कार हजर आहे म्हणून. ताईसुद्धा म्हणाली, "जाऊ द्या ना आता, टॅक्सी करू." भाऊजी म्हणाले, "भंगारात जाईन तर मी जाईन."

एका शुक्रवारी तो म्हातारा मच्छीमार आपली गाडी बघायला आला. भाऊजी बॉनेट उघडून गिअरच्या तेलाची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पुसत होते. अकोल्याच्या ट्रक गॅरेजात हात बसलेला, तिथे तेल मोजायचं ते इंजिन बंद करून, ही त्यांची जन्माची सवय. पट्टीवर तेल खुणेच्या वर दिसायचं, मग ते थोडं काढायचे. गाडी आणखी बिघडायची, ते आणखी काढायचे. म्हातारा हे बघून असा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. "अव्वल शग्गल, बादीन शूफ!" म्हणजे आधी चालू कर, मग बघ. त्यानेच किल्ली फिरवली, इंजिन तापू दिलं, आणि पट्टी बुडवून वर काढली तर टोकाला जेमतेम ओल. बंद गाडीत वरचं तेल खाली उतरून साठतं, म्हणून तिथे भरपूर दिसतं, एवढीच गोष्ट. गिअरबॉक्स धडधाकट होता, भाऊजींनीच त्याला उपाशी ठेवलं होतं! तेल भरलं, दांडा ओढला, आणि गाडी निघाली... "चूक माह्यी," भाऊजी ओरडले, तेही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे.

पौर्णिमेच्या सकाळी ताई स्वयंपाकाला आधीच हॉलवर गेली होती. पुढच्या लांब सीटवर चालवायला भाऊजी, खिडकीशी मी आणि मध्ये बेल्ट लावलेली मूर्ती, चादर नाही, काही नाही. साहेब दारात कार घेऊन उभेच होते. भाऊजींनी काच खाली केली, "जयभीम साहेब! पातेले ठेवा ना तुमच्या डिकीत." आणि यल्ला, निघालो! ईसा टाउनपर्यंत हा माणूस भसाड्या आवाजात गात होता आणि मी हसता हसता रडत होते.

बहारीन सोडताना गाडी खरंच भंगारात गेली. भाऊजींनी डिपस्टिक तेवढी उपसून आणली, ती ताईच्या बैठकीत मूर्तीशेजारी खिळ्याला टांगलेली असते. भाऊजींच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीसाठी सगळे त्याच बैठकीत जमले, तेव्हा एक नातेवाईक बोलायला उठले आणि सुरुवातच केली, "आमचा बिचारा..." मी उठले. खिळ्यावरची ती पट्टी काढून हातात घेतली. "भाऊसाहेब, तुम्ही बंद गाडी बघून बोलताय," मी म्हटलं, "मी चालू गाडीत बसले आहे. पुढच्या सीटवर." मला वाटलं ताई आता हात धरून खाली बसवणार. तिने डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "सांग वं या लोकायले. सारं सांग."