विटाळ गेल्यावर

मुंबईहून ऑपरेशन करून जळगावला परत आले तेव्हा भेटायला येणाऱ्या बहुतेकांनी केळी आणली. जळगावात केळी आणायला काही विशेष कष्ट पडत नाहीत. केळी टेबलावर ठेवायची, खुर्ची पुढे ओढायची आणि माझ्या पोटाकडे बघत "बरं आहे ना आता?" असं विचारायचं, हा क्रम ठरलेला होता. तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. मूत्राशयात कॅन्सर होता, मूत्राशय काढलं, आता लघवी पोटावर चिकटवलेल्या पिशवीत जमा होते, एवढी बातमी सगळ्यांना पोचली होती आणि त्यांना ती पिशवी बघायची होती. एका चुलत सासूने तर सरळ गाऊन वर करायला सांगितलं. मी केला. तिने नाकाला पदर लावला आणि मग चहा मागितला. पदर लावून चहा कसा पितात ते बघायला मी मुद्दाम समोर बसून राहिले.

त्या बातमीत एक भाग नव्हता, कारण तो मलाही माहीत नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी कागदाच्या मागे आकृती काढून सगळं समजावलं, ते माझ्या नवऱ्याला. मी शेजारीच बसले होते. "आजूबाजूचंही साफ करून घेऊ," असं ते म्हणाले आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या. घाबरलेल्या माणसाला साफ हा शब्द बरा वाटतो. घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी डिस्चार्जचे कागद नीट वाचले तेव्हा कळलं की आजूबाजूचं म्हणजे गर्भाशय, दोन्ही अंडाशयं आणि योनीची पुढची भिंत. माझं वय एक्केचाळीस. मी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?" तो म्हणाला, "अगं, जीव वाचला ना." 

बाकीच्या बायकांची पाळी चार-पाच वर्षं रेंगाळत जाते. माझी एका सकाळी टेबलावर संपली. मग सुरू झाली ती आग. छातीतून निघायची, मानेवरून डोक्यात शिरायची, आणि दोन मिनिटांत ब्लाऊज पिळून काढावा असा घाम. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते हसले. "जळगावच्या मे महिन्यात कुणाला गरम होत नाही, मॅडम?" मी मुकाट्याने परत आले, कारण मे महिना खरंच होता. डिसेंबरात कॉलेजच्या लोकांची शेतात भरीत पार्टी झाली. सगळे शाली गुंडाळून शेकोटीला चिकटलेले, आणि मी लांब बांधावर बसून वहीने वारा घेत होते. तेव्हा त्या डॉक्टरांची आठवण येऊन मला सणसणीत शिवी सुचली. मी मराठी शिकवते, शब्दांची मला कमी नाही.

घाम नुसता घाम असता तरी चाललं असतं. पिशवीची चकती पोटाला चिकटलेली असते आणि घामाने तिची कड सुटते. एकदा बारावीच्या वर्गात शिकवता शिकवता कड सुटली. साडीच्या निऱ्या ओल्या झाल्या, वास आला. पहिल्या बाकावरच्या मुलींनी खाली माना घातल्या. त्या चांगल्या मुली होत्या, म्हणून जास्त वाईट वाटलं. स्टाफरूमच्या बाथरूममध्ये मी स्वतःला पुसत होते आणि मला स्वतःची इतकी किळस आली की ओकारी आली. रात्री दोन-अडीच तास झोप, सकाळी बोटांचे सांधे धरलेले, खडू हातातून सुटायचा. आणि राग. भाजीवाल्यावर, मुलीवर, पंख्याच्या आवाजावर राग. नवरा वर्षभर दुसऱ्या खोलीत झोपत होता. त्यात त्याची सोय होती आणि माझीही, कारण आत सगळं वाळून गेलं होतं आणि नुसतं बसलं तरी टोचायचं. मी मरणातून वाचलेली बाई, म्हणून मी तक्रार करायची नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कॅन्सरपेक्षा मला त्या समजुतीचा जास्त वीट आला.

माझी बहीण धुळ्याला असते. एका सुट्टीत तिने माझा अवतार बघितला आणि मला तिथल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्या बाईंनी आधी कागद वाचले, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "अंडाशयं काढल्यावर तुम्हाला कुणी काहीच दिलं नाही?" मी म्हटलं, केळी दिली. त्यांनी माझ्यासमोर मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, तुमच्या पेशंटच्या कॅन्सरला हे चालेल ना, म्हणून विचारून घेतलं, आणि मग मला जेल लिहून दिलं. रोज सकाळी आंघोळीनंतर मांडीवर चोळायचं, वाळू द्यायचं. शरीर जे हार्मोन करायचं थांबलं होतं तेच बाहेरून. गर्भाशय नसल्यामुळे एकच हार्मोन पुरे. निदान पन्नाशीपर्यंत घ्यायचं, हाडांसाठी, हृदयासाठी. दर सहा महिन्यांनी तपासणी.

तिसऱ्या आठवड्यात मी सलग सहा तास झोपले. उठले तर ऊन आलेलं होतं आणि मला भूक लागली होती. आग पूर्ण गेली नाही, पण ती आता येऊन जायची, मुक्काम करत नव्हती. चकती टिकायला लागली. मी मुलीला एका आठवड्यात एकदाही ओरडले नाही, हे तिनेच मला सांगितलं. त्या जेलने माझं डोकं ठिकाणावर आणलं होतं, आणि ते मी कुणाला देणार नव्हते.

नवऱ्याला मात्र ते टोचत होतं. त्याने फोनवर कुठेतरी वाचलं की हार्मोनने कॅन्सर होतो. कुठला, कुणाला, ते वाचलं नाही. मी डॉक्टरांचा कागद दाखवला तर म्हणायचा, "डॉक्टरांना काय जातं सांगायला." त्याच्या भीतीत खोट नव्हती, हे मला कळत होतं. पण ती भीती त्याने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन प्रश्न विचारण्यात खर्च केली असती तर बरं झालं असतं.

मग श्रावण आला आणि कानबाई आली. आमचं गाव अमळनेरजवळ. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथल्या घरात कानबाई बसते, म्हणजे नारळाला डोळे, नथ लावून देवी मांडतात. तिच्या नैवेद्याचा रोट घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजलेल्या गव्हाचा, वर्षभर झाकून ठेवलेल्या जात्यावर दळलेला. तो भाऊबंदांनीच खायचा, बाहेर कण जाऊ द्यायचा नाही. आणि मधेच घरातली बाई विटाळशी झाली तर रोट राहिला, पुढच्या वर्षी बघायचं. म्हणून आमच्याकडच्या झाडून सगळ्या सुना आठ दिवस आधीपासून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खातात. औषधाच्या दुकानदारालाही आता सवय झालेली आहे, आम्ही तोंड उघडायच्या आधीच तो पाकीट काढतो. मी अठरा वर्षं त्या गोळ्या खाल्ल्या. पोट फुगायचं, डोकं धरायचं, आणि नंतर दुप्पट वाहायचं.

सासूबाईंना आता जातं ओढवत नाही, म्हणून दळणाचा मान माझ्या मोठ्या जावेचा. पण तिची पाळी आता कधीही येत होती, गोळीलाही जुमानत नव्हती. म्हणून शनिवारी तिने मला जात्याजवळ बसवलं आणि चारचौघींत म्हणाली, "यंदा दयन तूच दय. तुले आते कसानी अडचन? तू ते कायमनी चोखी व्हयी गई."

सगळ्या कौतुकाने बघत होत्या. मला काय झालं ते सांगते. मला त्या कौतुकाची किळस आली. माझ्या पोटातून जे कापून नेलं त्याची कुणी विचारपूस केली नव्हती, आणि आता त्याचाच मान मिळत होता. तरी मी दळलं, कारण नाही म्हणायला कारण काय सांगणार. पोटावर लघवीची पिशवी चिकटवलेली, ती दर तासाला उठून रिकामी करत होते. तिचा विटाळ कुणाला नव्हता. साडीखाली झाकलेलं होतं ना.

रविवारी सकाळी आंघोळ करून मी खोलीत मांडीवर जेल लावत होते. दाराला कडी नाही. जाऊ आत आली. "हाई काय शे?"

मी खरं सांगितलं. "हार्मोनचं औषध आहे अक्का. अंडाशयं नाहीत ना, म्हणून."

तो शब्द तिला माहीत होता. दुकानदाराने तिला सांगितलं होतं की पाळी ढकलायची गोळी ही हार्मोनची असते. तिने हिशोब लावला: गोळी पाळी थांबवते, मग हे थांबलेल्या बाईची पाळी आणणारं असणार. अर्ध्या तासात माजघरात चार बायका त्या पिठाच्या डब्याभोवती उभ्या होत्या, आणि दळण बाटलं की नाही यावर खल चालू होता. मी परोपरीने सांगितलं की गर्भाशयच नाही तर पाळी येणार कुठून. एक जण म्हणाली, "कोन सांगस बाई, आजकालनं औषध." चौघींच्याही पोटात त्या क्षणी गोळी होती. देवीसाठी गिळलेलं हार्मोन पवित्र, आणि माझ्या झोपेसाठी मांडीवर चोळलेलं बाटगं. मला त्या घरातल्या धुपाच्या वासाचीसुद्धा शिसारी आली.

मग नवऱ्याला बोलावलं. त्याने दारातच उभं राहून तोडगा काढला. "कानबाईसमोर हात जोडून बोल, आजपासून लावणार नाही. रोट वाचेल. बंदच करून टाक ना ते. तसंही..." ते वाक्य त्याने पुरं केलं नाही. तसंही म्हणजे त्याला ते पहिल्यापासून बंदच हवं होतं, हे मला कळलं आणि त्याला कळलं की मला कळलं. तो खाली बघायला लागला. मी एकदा शब्द दिला असता तर त्याची मला रोज आठवण करून दिली गेली असती, देवीचं नाव घेऊन. मी हात जोडले नाहीत. माझ्या न जोडलेल्या हातांमुळे साऱ्या भावकीचा रोट अडला होता.

शेवटचा शब्द सासूबाईंचा. त्या बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांच्या, तोंडाने जहाल. त्यांच्या संतापाच्या गोष्टी आमच्या भावकीत प्रसिद्ध. भरलेलं ताट भिरकावलं, पाहुण्यांसमोर सुनेला उठवलं, थंडीतही ओट्यावर झोपून सगळ्या घराला शिव्या घातल्या. मी धुळ्याला माहेरी गेले की त्यांची नक्कल करायचे आणि घर हसून लोळायचं. मला वाटलं, आता जेलची बाटली उकिरड्यावर जाणार.

त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. नवऱ्यालाही. दार लोटलं, माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट केलं.

"हाई लावं म्हंजे झोप येस?"

"येते," मी म्हटलं.

"अंगनी लाही थांबस?"

"बरीच थांबते."

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाल्या, "मी बत्तीसनी व्हती. धुयाले दवाखानामा नेयं. बठ्ठंच काढी टाकं. कोनी काही सांगं नही." बठ्ठंच, म्हणजे सगळंच, गर्भाशय आणि अंडाशयंही. त्यांनी पदराने मान पुसली. बाहेर पाऊस होता, गार वारा होता, आणि त्यांची मान घामाने चमकत होती. चाळीस वर्षांनीही. "तैपाईन मी झोपनू नही पोरी. लोक म्हनतस, म्हतारी डोकाथीन गई."

मी त्या मानेकडे बघत बसले. ऑपरेशनपासून मला या ना त्या माणसाची किळस येतच होती. तेवढ्या वेळात पहिल्यांदा मला माझ्या त्या नकलेची आली. अठरा वर्षं मी एका आजारी बाईची नक्कल करून लोकांना हसवलं होतं.

त्यांनी साडी गुडघ्याच्या वर घेतली. वाळलेली, सुरकुतलेली मांडी माझ्यापुढे केली. "माले लाय."

तो प्रश्न मी धुळ्याच्या डॉक्टरबाईंना सहज विचारलेला होता, उशिरा सुरू केलं तर चालतं का. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: अंडाशयं गेल्यावर लवकर सुरू करावं, सत्तरीत नव्याने सुरू केलं तर रक्ताच्या गाठीचा, पक्षाघाताचा धोका. मला खोटं बोलता आलं असतं. थोडंसं लावलं असतं तर त्यांना एक दिवस बरं वाटलं असतं.

"आई, तुम्हाला नाही चालत आता," मी म्हटलं. "उशीर झाला."

त्यांनी मांडी झाकली. निऱ्या नीट केल्या. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. सकाळी मी एकाच मांडीला लावून थांबले होते, जाऊ आत आली म्हणून. ते त्यांनी विचारून घेतलं.

"मंग राहेल शे ते लाय," त्या म्हणाल्या. "मन्हा समोर लाय."

मी लावलं. ते वाळेपर्यंत त्या दाराला पाठ टेकून बसल्या होत्या, बाहेरून कुणी आत येऊ नये म्हणून.