कनवटीला लावलेली गोळी

हौसाक्कांना "दुखतंय का?" असं विचारलं, की त्या उलट विचारायच्या, "कुनाला?" कासार आंबोलीत त्यांच्या घरी खोली घेऊन मी चार वर्षं राहिले. डोक्यावर पदर, भेगाळलेली बोटं, आणि तोंडातून कधी हूं की चूं नाही. मला त्यांचं फार कौतुक होतं. त्या कौतुकाची आज चीड येते.

गुडघ्याची वाटी बदलून घेतली तीही हट्टापायी. आवणीला, भाताची रोपं लावताना, पहिली मूठ घरातल्या थोरल्या बाईने लावायची, अशी त्यांच्याकडची रीत. गुडघ्यामुळे दोन वर्षं त्यांची ती मूठ चुकली होती. "यंदा चिखलात पाय घालनार म्हंजे घालनार," असं डॉक्टरलाच बजावून त्या उन्हाळ्यात ऑपरेशनला गेल्या.

घरी आल्यावर पौडहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिचं सांगणं एकच. आधी गोळी घ्या, अर्ध्या तासाने व्यायाम करा. दुखणं दबलं तर गुडघा वाकेल, आणि आत्ता नाही वाकला तर पुढे फार अवघड जाईल. आक्का मान डोलवायच्या. सून पाठमोरी झाली की गोळी कनवटीला. शेतावर कामाला येणाऱ्या कमळची कंबर धरायची, तिला ती संध्याकाळी मिळायची. एकदा माझ्या नजरेस पडलं, तर म्हणाल्या, "हाड माजं, दुखनं माजं. गोळी कशाला मदी? आनि कुनाला बोलू नगंस."

नाही बोलले. ती मुलगी गुडघा वाकवायला लागली की आक्का पलंगाची कड घट्ट धरायच्या. कपाळावरून घाम ओघळायचा, मांडी लाकडासारखी ताठ व्हायची, आणि वर, "न्हाई दुखत." भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, "आक्का लई धीराची हाय." मीही नांदेडला आईला फोनवर हेच सांगायचे, वर टोमणा मारायचे, "नाहीतर तू, दाढ दुखली तरी घर डोक्यावर घेतेस." खरं सांगायला मी घाबरत होते असंही नाही. सोसणारी आक्का बघायला मला आवडत होतं, दुसरं काही नाही.

आवणी आली तेव्हा गुडघा जेमतेम अर्धा वाकत होता. बांध उतरता येईना. पहिली मूठ सुनेने लावली. आक्का अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाय ताठ पुढे काढून बसल्या होत्या.

"सोस म्हनली सगळी," त्या म्हणाल्या. "आईबी, सासूबी. त्यास्नी काय ठावं? पर तू शिकलेली. तू गोळी बघितली हुतीस."

चहा करते म्हणत मी उठले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"एकदा तरी म्हनायचं हुतंस, आक्का, रड."

चहा मी केला. त्यांनी घेतला नाही.

पुढे मी महाळुंग्याला राहायला गेले. सामान टेम्पोत चढलं तेव्हाही त्या खुर्चीतच होत्या, गुडघ्यावर हात फिरवत. दुखतंय का, एवढं विचारायला मला तोंड नव्हतं.