एकच ठिपका

वस्तीत तिला सगळे कॉम्प्युटरवाली म्हणायचे. शिवणकाम करणाऱ्या आईची ही एकुलती लेक दिवसभर कंपनीत मोबाइलचे स्क्रीन आखायची आणि सुट्टीत वस्तीसाठी राबायची. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस दांडगी! तक्रारींचं ॲप तिनंच बनवलं. फोटो काढा, बटण दाबा, नकाशावर लाल ठिपका उमटतो. पालिकेनंही ते उचललं.

नाल्यावरचा पूल गंजून डुगडुगायला लागला, तेव्हा ती घरोघर फिरली. "साहेबांच्या दारात खेटे कशाला घालता? बटण दाबा." लोकांनी दाबलं. पुलापलीकडे दवाखाना होता आणि तिच्या बापाला डायलिसिसला तिथंच न्यावं लागायचं. पूल गेला तर हायवेवरून लांबचा वळसा, आणि बापाच्या अंगात तेवढा वळसा सोसायचं त्राण नव्हतं.

पालिकेच्या बैठकीला तिलाही बोलावलं होतं. इंजिनियरसाहेबांनी ॲपचा नकाशा भिंतीवर लावला. "या पुलाची तक्रार एकच. म्हणजे फारसं कुणी वापरत नाही. पाडून टाकू."

"एकच? अहो साहेब, अख्खी वस्ती..." बोलता बोलता तिला आठवलं. एका जागेच्या कितीही तक्रारी आल्या तरी ठिपका एकच ठेवायचा, नवी तक्रार जुनीत मिसळून टाकायची, हे तिनंच ठरवलं होतं. कशासाठी? तर नकाशा सुटसुटीत दिसावा म्हणून! डोंबलाचा सुटसुटीत! मिसळलेल्या तक्रारींची नोंदही आता ॲपमध्ये कुठं उरली नव्हती.

"चूक माझी आहे साहेब. पाया पडते, आत्ता पुलावर चला, माणसं बघा."

"मॅडम, नकाशा तुमचाच ना?" साहेबांनी ठराव मंजूर करून टाकला.

घरी बाप भिंतीकडे तोंड करून निजला होता. तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं मशीन थांबवलं. ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग आता यांना न्यायचं कसं गं?"

लेकीनं बापाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मी तर रोज सकाळी दाबत होते," आई म्हणाली. "दाबलं की यायचं ना, 'तुमचा आवाज पोहोचला'."

ते शब्दही लेकीचेच होते. ती ढसाढसा रडायला लागली.

"अगं, रडतेस काय अशी?" आईनं घाईघाईनं मोबाइल उचलला. "थांब, मी परत दाबते."